घरची बिअर सगळ्यांना आवडते, म्हणून ब्रुअरी काढावी का?

हौशी_किण्वक
नमस्कार मंडळी. गेली ६ वर्षं घरी बिअर बनवतोय, एका खेपेला २० लिटर. मी राहतो तिथे घरगुती वापरापुरतं कायद्यात बसतं तेव्हा तो मुद्दा बाजूला ठेवू. ८०-९० खेपा झाल्या असतील, त्यातल्या सुरुवातीच्या दहाएक मोरीत गेल्या, पण आता पेल एल आणि स्टाउट डोळे मिटून जमतात असं म्हणायला हरकत नाही. घरी येणारा प्रत्येक जण पहिल्या घोटानंतर एकच म्हणतो, अरे नोकरी कसली करतोस, ब्रुअरी काढ. आधी हसण्यावारी न्यायचो, आता बायकोच म्हणायला लागली म्हणजे प्रकरण गंभीर आहे. १००० लिटरच्या टाक्या, समोरच टॅपरूम, म्हणजे ब्रुअरीचा स्वतःचा बार, एवढंच डोक्यात आहे.
तर प्रश्न असा की बिअर चांगली जमते एवढ्यावर हा धंदा उभा राहतो का? पैशाचे आकडे विचारत नाही, ते जागेगणिक बदलतात. आत काय असतं ते सांगा.

बोका
रुमाल टाकून ठेवतोय. पहिला ग्लास माझा.

रात्रपाळी
मी ४ वर्षं एका छोट्या ब्रुअरीत टाक्यांवर काम केलंय. लोकांना वाटतं ब्रुअर म्हणजे हातात ग्लास धरून उजेडात रंग बघणारा माणूस. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग धुण्यात जातो. आधी पाणी, मग गरम कॉस्टिक, मग पाणी, मग आम्ल, मग निर्जंतुक करणारं द्रावण, आणि हे प्रत्येक टाकीला, प्रत्येक पाइपला, प्रत्येक केगला, म्हणजे बिअर भरायच्या पिंपाला. आम्ही स्वतःला धुणीभांडीवालेच म्हणायचो, मधूनमधून बिअर पण व्हायची.
दुसरं, २० लिटरची रेसिपी ५० ने गुणली की १००० लिटरची होत नाही. घरी उकळलेलं वर्ट, म्हणजे माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं) गोड पाणी, वीस मिनिटांत गार होतं, मोठ्या भांड्यात गार व्हायला तासभर लागतो आणि तेवढा वेळ हॉप्समधला, म्हणजे कडवटपणासाठी घालतात त्या फुलांतला, कडूपणा उतरतच राहतो, त्यामुळे घरची मवाळ पेल एल तिथे पहिल्या खेपेला कडूजहर निघते.
आणि माझा पराक्रम सांगतो. आंबणं संपत आलेल्या टाकीत वरून हॉप्स टाकायचे होते, मी घाईत अख्खी पिशवी एकदम ओतली. बिअरमध्ये विरघळलेला सगळा वायू एका क्षणात सुटला आणि हिरव्या फेसाचं कारंजं थेट छताला. पाऊण तास बिअर उडत होती, मी शिडीवरच, झाकण लावायचा प्रयत्न करतोय. हसू नका, अशा वेळी शिडीवरून पडून माणसं जखमी होतात. रिकाम्या टाकीत डोकं घालायची पण सवय नको, तळाशी कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, दिसत नाही, दोन श्वासात माणूस आडवा.

बोका
हिरवं कारंजं 😂😂 दंडवत.

फेसाळ
रात्रपाळी, तुम्ही तर घाबरवूनच सोडलंत. किण्वक भाऊ, हौसेला मोल नसतं. ही सगळी क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या स्वतंत्र ब्रुअऱ्यांची, चळवळ हौशी लोकांनीच उभी केली की. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या शेवटी शंभराच्या आत ब्रुअऱ्या उरल्या होत्या, सगळीकडे एकाच चवीची लागर, म्हणजे थंडीत मुरवलेली बिअर. १९७६ मध्ये जॅक मॅकॉलिफने कॅलिफोर्नियात न्यू अल्बियन ब्रुअरी काढली, जुनंपानं सामान जोडून. १९७८ ला अध्यक्ष कार्टरने सही केली आणि घरी बिअर बनवणं तिथे केंद्रीय कायद्याने मोकळं झालं. मग केन ग्रॉसमन, आधी घरगुती ब्रुइंगच्या सामानाचं दुकान चालवायचा, त्याने १९८० ला सिएरा नेवाडा सुरू केली, दुग्धव्यवसायातली जुनी भांडी आणून. आज तिथे ९००० च्या वर ब्रुअऱ्या आहेत. हे लोक आधी ताळेबंद मांडत बसले असते तर?

अकाउंटवाली_काकू
फेसाळ, न्यू अल्बियन १९८२ मध्ये बंद पडली हे सांगायचं राहिलं वाटतं तुमचं. बिअर वाईट होती म्हणून नाही हो, ब्रुअरी इतकी लहान होती की कितीही विकली तरी खर्च निघेना आणि वाढवायला भांडवल कुणी देईना.

फेसाळ
काकू 🙏 गाळलं होतं मुद्दाम.

अकाउंटवाली_काकू
तीन छोट्या ब्रुअऱ्यांचे हिशोब बघितलेत मी, त्यातली एक आज नाही. किण्वक, तुम्ही कागद घ्या आणि माझ्याबरोबर मांडा.
समजा १००० लिटरच्या ६ टाक्या आहेत. एल, म्हणजे लवकर होणारी बिअर, २ आठवड्यांत टाकीतून निघते असं धरलं तर एका टाकीतून वर्षाला २६ खेपा, सहा टाक्यांतून १५६, म्हणजे फार फार तर १ लाख ५६ हजार लिटर. आता हौस म्हणून लागर करायला घेतली, ती थंडीत मुरवायची म्हणजे ६ आठवडे. त्याच सहा टाक्यांतून वर्षाला ५२ खेपा, ५२ हजार लिटर. भाडं तेच, पगार तेच, कर्जाचा हप्ता तोच, माल एक तृतीयांश. माझ्या लेखी ब्रुअरी म्हणजे टाक्यांचे दिवस भाड्याने देण्याचा धंदा आहे, प्रत्येक बिअरने आपल्या मुक्कामाचं भाडं चुकतं केलं पाहिजे. लहान ब्रुअऱ्या एलच्या मागे का असतात त्याचं निम्मं उत्तर यात आहे, चव वगैरे नंतर.
मग केग. एक केग गिऱ्हाइकाकडे नळाला लागलेला, एक त्याच्या मागे राखीव, एक वाटेत, एक तुमच्याकडे भरून ठेवलेला, एक धुवायला रांगेत. नळ एक, केग पाच. आणि त्यातले काही परत येतच नाहीत, कुणाच्या तरी अंगणात स्टूल होतात.
आणि सगळ्यात जिथे घोडं पेंड खातं ते म्हणजे उधारी. माल्ट आणि हॉप्सचे पैसे आधी, बऱ्याच देशांत करही माल बाहेर पडताना, आणि बारवाला देणार दोन महिन्यांनी. माझी बंद पडलेली ब्रुअरी कागदावर नफ्यात होती. बँकेत दमडी नव्हती.

निंबोणी
काकूंचा प्रतिसाद फ्रेममध्ये लावा कुणीतरी.
म्हणूनच टॅपरूम हा प्रकार इतका वाढला ना? आपल्याच नळावरून आपल्याच ग्लासात विकलं की मधला वितरक नाही, केग हरवत नाही, पैसे लगेच हातात.

अकाउंटवाली_काकू
बरोब्बर. फक्त मग तुम्ही ब्रुअरी नाही, ब्रुअरी अधिक बार असे दोन धंदे चालवता. वेटर सुट्टीवर गेला की मालक ट्रे उचलतो, आणि तेवढ्यात आत टाकी उतू जात असते.

प्रामाणिक_पेयक
इतकं सगळं कशाला? जर्मनांचा १५१६ चा शुद्धतेचा कायदा आहे ना. बार्ली, हॉप्स, पाणी, बास. हल्ली लोक बिअरमध्ये फळं, कॉफी, वाट्टेल ते घालतात आणि क्राफ्ट म्हणून मिरवतात. शुद्ध बनवा, आपोआप चालेल.

प्रा_लॅक्टोबॅसिलस
आला का हा कायदा! प्रत्येक बिअरच्या धाग्यावर साधारण दहाव्या प्रतिसादापर्यंत येतोच.
पेयकसाहेब, तो बव्हेरियाचा कायदा. ड्यूक विल्हेल्म चौथा आणि त्याचा भाऊ लुडविग, गाव इंगोलश्टाट. त्यात शुद्धतेपेक्षा जास्त ओळी बिअर काय भावाने विकायची यावर आहेत. गहू बिअरमध्ये गेला की पावाला कमी पडणार, म्हणून फक्त बार्ली. एवढं सांगून गंमत बघा, पुढे १६०२ मध्ये त्याच राजघराण्याने गव्हाची बिअर करण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला आणि त्यावर रग्गड पैसा केला. लोका सांगे ब्रह्मज्ञान.
आणि त्या तीन घटकांच्या यादीत यीस्टच नाही! सूक्ष्मजीव म्हणून ते कुणाला माहीतच नव्हतं, आधीच्या खेपेचा गाळ पुढच्या खेपेत जायचा आणि बिअर व्हायची. किण्वनामागे जिवंत पेशी आहेत हे पाश्चरने पुराव्यानिशी मांडलं, बिअरवरचं त्याचं पुस्तक १८७६ चं. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, आणि कंपनीने ते दडवून न ठेवता इतर ब्रुअऱ्यांना फुकट वाटलं. आजच्या लागर उद्योगाचा पाया हा.

प्रामाणिक_पेयक
बरं बाबा. शुद्धतेच्या उत्साहावर विरजण.

प्रा_लॅक्टोबॅसिलस
विरजणच तर म्हणतोय मी 😄

निंबोणी
सगळे ड्यूक, ब्रुअर, संस्थापक, बुवाच बुवा. प्राचीन इराकमधल्या सुमेरच्या लोकांची बिअरची देवी होती, निनकासी. तिचं जवळजवळ ३८०० वर्षांपूर्वीचं स्तोत्र मातीच्या पाट्यांवर सापडलंय आणि त्यात स्तुतीच्या ओघात धान्य भिजवण्यापासून गाळण्यापर्यंतची कृतीच येते. इंग्लंडमध्येही मध्ययुगात गावोगावी बिअर गाळायच्या त्या बायकाच, घरचं भागवून उरेल ती विकायची. धंद्याला भांडवल लागायला लागलं, मोठी भांडी, हॉप्समुळे टिकणारा आणि लांब पाठवता येणारा माल, तसा तो पुरुषांच्या हातात गेला. कर्ज आणि धंदेवाल्यांच्या संघांची दारं बायकांना बंदच होती.

फेसाळ
वा भाऊ, मस्त माहिती!

निंबोणी
भाऊ?? प्रतिसाद परत वाच.

फेसाळ
ताई 🙈

गाळीव_रत्न
विषय निघालाच आहे तर आयपीएची, म्हणजे इंडिया पेल एलची, ती गोष्ट. इंग्लंडहून भारतात येताना जहाजावर बिअर नासायची म्हणून हॉजसन नावाच्या ब्रुअरने मुद्दाम जास्त हॉप्स घालून आयपीए शोधली. बाटल्यांवर छापलेलं असतं.

प्रा_लॅक्टोबॅसिलस
छापलेलं असतं आणि चुकीचं असतं. भरपूर हॉप्सवाली, मुरवून प्यायची फिकट बिअर आधीपासून होती, आणि काळी पोर्टरसुद्धा त्याच प्रवासाला जायची आणि नीट पोचायची. हॉजसनची ब्रुअरी बो इथे, लंडनच्या पूर्वेला, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ, आणि तो कप्तानांना लांब मुदतीची उधारी द्यायचा. काकूंना आवडेल हे, जगातल्या सगळ्यात गाजलेल्या बिअरच्या मुळाशी जागा आणि उधारी.

अकाउंटवाली_काकू
आवडलं. आणि पुढे काय झालं त्या उधारीचं?

प्रा_लॅक्टोबॅसिलस
त्यांनी पुढे भाव चढवले, मक्तेदारी दाखवायला लागले, आणि १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ब्रुअर्सनी तो बाजार पळवला. बर्टनचं पाणी जिप्समचं, सल्फेट भरपूर, त्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ आणि कोरडा लागतो. आजही मऊ पाण्यात जिप्सम घालण्याला बर्टनायझेशन म्हणतात. उलट बोहेमियातल्या पिल्झेनचं पाणी अगदी मऊ, तिथे १८४२ मध्ये योझेफ ग्रोलने फिकट सोनेरी लागर काढली आणि जगभरच्या पिल्सनर तिथून आल्या.

हौशी_किण्वक
बाप रे, दोन दिवस फिरकलो नाही तर एवढं. काकू, कागदावर मांडलं. टाक्यांचा हिशोब डोक्यातच नव्हता, माझ्या यादीत पहिल्याच वर्षी दोन लागर होत्या.

गाळीव_रत्न
बिअरवर वाचायचं असेल तर मायकल जॅक्सन वाचा.

बोका
तो नाचायचा तो?? 😳

गाळीव_रत्न
दुसरा हो, इंग्लिश पत्रकार. १९७७ मध्ये जगभरच्या बिअरवर पुस्तक लिहिलं, बिअरचे प्रकार पाडून बोलायची सवय लोकांना त्याने लावली. आयुष्यभर नावाचे विनोद ऐकले असणार बिचाऱ्याने.

शुद्धोदक
मी पीत नाही. चांगल्याभल्या नोकऱ्या सोडून लोकांना दारू पाजायचे धंदे, आणि वर ज्ञानकोश. चालू द्या. पण खरंच विचारतो, बिनअल्कोहोलची बिअर हल्ली सगळीकडे दिसते, ती का नाही करत?

रात्रपाळी
विचारलंत ते बरं केलंत, मागणी वाढतेच आहे तिची. पण लहान ब्रुअरीला ती सोपी नाही. एक तर तयार बिअरमधून निर्वात डिस्टिलेशनने किंवा पडद्यातून गाळून अल्कोहोल काढायचं, ती यंत्रं महाग. नाहीतर असं यीस्ट वापरायचं जे माल्टमधली मुख्य साखर खातच नाही. ते जमतं, पण मग साखर उरते आणि राखण करणारं अल्कोहोल नाही, म्हणजे जंतूंना मोकळं रान. पाश्चरायझेशनशिवाय बाहेर पाठवायचं धाडस करू नये.

फेसाळ
उरलं तर मोठी कंपनी विकत घेते की! शिकागोच्या गूस आयलंड ब्रुअरीला २०११ मध्ये बलाढ्य एबी इनबेव्हने घेतलं. मालक सुखी.

निंबोणी
आणि पिणारे दुःखी. अमेरिकेतल्या ब्रुअर्सच्या संघटनेच्या व्याख्येत तर बिगरक्राफ्ट दारू कंपनीकडे २५ टक्के किंवा जास्त मालकी गेली की क्राफ्ट हे बिरुद जातं.

गाळीव_रत्न
चव तीच राहिली तर मला फरक पडत नाही, आंबे खा कोयी कशाला मोजता. पण विकली गेली म्हणजे सुटली असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर, १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅगने बुडता बुडता वाचवली, क्राफ्टवाले जिला आद्य मानतात. २०१७ ला जपानच्या सप्पोरो कंपनीने घेतली आणि २०२३ मध्ये टाळं लागलं. नंतर कुणीतरी परत विकत घेतली ती गोष्ट वेगळी. २०२४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्यांपेक्षा बंद पडलेल्या ब्रुअऱ्या जास्त होत्या.

बोका
किण्वक भाऊ, धागा वाचून ब्रुअरी काढणार की हिमालयात जाणार?

प्रा_लॅक्टोबॅसिलस
धाग्याच्या मूळ प्रश्नावर या. किण्वक, तुमच्या मित्रांची मतं हा पुरावाच नाही. फुकट बिअर, बनवणारा समोर बसलेला, कोण वाईट म्हणेल? गिनेस ब्रुअरीत विल्यम गॉसेट नावाचा माणूस होता, थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष किती खरा हे शोधायला त्याने १९०८ मध्ये जी पद्धत मांडली ती आज स्टुडंट्स टी टेस्ट म्हणून सगळी दुनिया वापरते. तुम्हाला तेवढंही नको. त्रिकोणी चाचणी करा. तीन ग्लास, दोनात एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी, कुठला ग्लास वेगळा ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तिघांतला एक बरोबर येईल, १२ जणांत ४. ८ किंवा जास्त आले तर फरक खरा समजा. आणि दुसऱ्याची बिअर नका घेऊ, तुमच्याच पेल एलच्या दोन खेपा लावा.

रात्रपाळी
हे एक नंबर. घरी दर खेप थोडी वेगळी निघाली तर मजा असते, नळावर ती तक्रार असते.

हौशी_किण्वक
दोन महिन्यांनी धागा वर काढतोय.
प्राध्यापक, चाचणी केली. एकाच रेसिपीच्या पेल एलच्या दोन खेपा, महिन्याभराच्या अंतराने केलेल्या. ग्लासांना नुसते आकडे, मी स्वयंपाकघरात, बायको ओतत होती. १२ माणसं, त्यातले तिघं तर मला ओळखतही नव्हते. ९ जणांनी वेगळा ग्लास बरोबर काढला. नऊ! आणि त्यातल्या पाच जणांनी एका खेपेबद्दल एकच लिहिलं, लोण्यासारखा वास. म्हणजे डायअसिटिल, आंबताना तयार होणारा पदार्थ. वही काढून बघितली तर त्या खेपेला घाई करून दोन दिवस आधी थंड केली होती, यीस्टला ते साफ करायला वेळच दिला नाही. पी हळद हो गोरी. सहा वर्षं मी ते पीत होतो आणि मला ती माझ्या बिअरची खासियत वाटत होती.

प्रा_लॅक्टोबॅसिलस
शाब्बास. एक शंका, एक खेप महिनाभर जुनी होती ना? फरक वयाचाही असू शकतो. लोण्याचं कारण घाईच असावं, पण चाचणी परत करा.

रात्रपाळी
सर, गिऱ्हाइक विचारत नाही वयाने का यीस्टने. बाकी किण्वक, सहा वर्षांनी स्वतःचा दोष नाकाला कळला यातच जिंकलात. मला कळायला एका रागीट म्हाताऱ्या ब्रुअरची शिवी लागली होती.

अकाउंटवाली_काकू
मग काय ठरलं?

हौशी_किण्वक
ब्रुअरी नाही, आत्ता तरी नाही. दोन गोष्टी करतोय. एक, पुढच्या दहा खेपा फक्त पेल एल, त्याच आकड्यांनी, आणि दर दोन खेपांची चाचणी. चार जणांच्या वर कुणाला फरक कळेनासा झाला की पुढचं बोलू. दुसरं, एका छोट्या ब्रुअरीत शनिवार-रविवार केग धुवायला जातोय, गेल्या आठवड्यात सुरू केलं. पाठ गेली. कॉस्टिकने एक शर्ट पण गेला. रात्रपाळी, तिथल्या पोराला मी हिरव्या कारंज्याची गोष्ट सांगितली तर म्हणाला आमच्या छतावरचा डाग बघा.

अकाउंटवाली_काकू
केग धुताय तर मोजा पण. किती गेले, किती परत आले. मालकाला विचारू नका, त्याला माहीत नसतं.

शुद्धोदक
चाचणीत न पिणारा माणूस चालतो का? मी वासावर सांगेन.

प्रा_लॅक्टोबॅसिलस
चालतो काय, धावतो. डायअसिटिल नाकालाच आधी कळतं.

बोका
आणि चाचणीत उरलेल्या ग्लासांचं काय करता? जागा आहे का एक? रुमाल पहिल्या पानावर टाकलेला आहे, तारीख बघा.